कोण घरी आलं, ते पाटीला विचारा

मित्रांनो, मी एक जुनी होमप्लेट आहे. बेसबॉलच्या मैदानात फलंदाजाच्या पायाशी जमिनीत पुरलेली पांढऱ्या रबराची पाचकोनी पाटी असते ना, तीच मी. लहान मुलं घराचं चित्र काढतात, चार भिंती आणि वर टोक, तसा माझा आकार. नावही घराचंच. नाव ठेवणाऱ्याला अक्कल होती, कारण या खेळात सगळी धडपड माझ्यापर्यंत पोचण्याचीच असते. चेंडू टोलवायचा, पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या गादीला पाय लावत फिरायचं आणि शेवटी माझ्यावर पाऊल ठेवायचं. तेव्हा कुठे एक धाव होते. गाद्या तीन असतात, मी एकटीच. थोडा मान मिळाला तर त्यात नवल नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला, साच्यात. त्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की जन्मतःच मला वरून दाबलं आणि मी दबले नाही. पहिली दोन वर्षं एका शाळेच्या पटांगणात काढली. शाळा पाहिली ती अशी, बाहेरून. वर्गात कुणी नेलं नाही, त्यामुळे अक्षर-आकड्याशी माझी फारशी ओळख नाही. पुढे जपानमधल्या ग्योतोकु गावच्या मुलांच्या संघाने मला घेतलं. संघाचं नाव कामोमे, म्हणजे समुद्रपक्षी. नदीकाठच्या मैदानात दर शनिवारी-रविवारी मला मांडायचं, खेळ झाला की उचलून पत्र्याच्या खोलीत ठेवायचं. मैदानात येताना मुलं टोपी काढून वाकतात आणि जातानाही वाकतात. पंच दर थोड्या वेळाने माझ्याकडे वाकून छोट्या ब्रशने माती झटकतो. माझ्यापुढे वाकल्याशिवाय इथे कुणाचं पान हलत नाही.

अकरा वर्षं माणसांच्या पायाखाली राहिलं की त्यांची भाषा कळायला लागते. जपानी कळत होतीच. मराठी आली ती अश्लेषाच्या घरच्यांमुळे.

अश्लेषा सहावीतली, अंगाने काडी. तिचे बाबा सत्यजित तोयोसुच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतात, मूळचे पुण्याचे. आई वीणा स्टेशनजवळच्या पाळणाघरात अर्धवेळ जाते. या संघात प्रत्येक घराने काहीतरी काम उचलायचं असतं. वीणाने चहाचं घेतलं. चहा म्हणजे थंडगार बार्लीचा, मोठ्या पिंपातला. प्रत्येक मुलाच्या नावाचा कप असतो, आणि धाव काढून जो माझ्यावरून पुढे जातो त्याच्या हातात अर्धा कप ठेवायचा, अशी कामोमेची रीत आहे. बेसबॉल मला कळत नाही पण तहान कळते, असं वीणा म्हणायची. बाई हुशार.

सत्यजितनी धावफलक घेतला, आणि तिथून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

माणूस वाईट नाही, हे आधीच सांगते. कॉलेजात असताना जिमखान्यावर क्रिकेटच्या सामन्यांची वही लिहायचे, म्हणून हात बसलेला. प्रत्येक चेंडूची टिंब-रेघ वहीत. घरी जाऊन ती लॅपटॉपवर चढवायची आणि पुढच्या शनिवारी सगळ्यांना फोनवर रंगीत पट्ट्या दाखवायच्या. कोण किती वेळा खेळायला आलं, किती फटके, किती धावा, कोण पहिला, कोण शेवटचा. बाकीचे बाप माना डोलवून ‘सत्यजित-सान, सुगोइ’ म्हणायचे. सुगोइ म्हणजे फारच भारी. पण एकानेही विचारलं नाही की हे मोजलंय कसं. जपानी माणूस भिडस्त आणि आपला माणूस कौतुकाला भुकेला, मग विचारतो कोण.

सगळ्यात खूश झाले ते ओगावा-कांतोकु. कांतोकु म्हणजे संघाचे मुख्य गुरुजी, सत्तरीचे. आजवर ते मुलं डोळ्यांनी निवडत आणि मग आयांची कुजबुज व्हायची, की अमक्याला झुकतं माप दिलं. आता त्यांच्या हाती कागद आला. कागदापुढे कुजबुज बंद पडते.

सहावीच्या मुलांची शेवटची स्पर्धा नोव्हेंबरात असते. त्यानंतर संघ सुटतो. या स्पर्धेआधी पाठीवरच्या आकड्यांचं वाटप होतं. एक ते नऊ आकडे मैदानात उतरणाऱ्यांचे आणि दहापासून पुढचे, कुणाला कोणताही, बाकावर बसणाऱ्यांचे. कापडाचा आकडा मुलाच्या हातात देतात आणि तो घरी आईने सदऱ्यावर शिवायचा. अश्लेषाला चार हवा होता. चार म्हणजे दुसऱ्या गादीजवळची जागा, तिची तीन वर्षांची जागा. हातात पडला चौदा.

माझ्या समोर पडला, म्हणून सांगते. पोरीने दोन्ही हातांनी तो घेतला, वाकली, आभार मानले, आणि रांगेत जाऊन उभी राहिली. रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

कांतोकुंनी तिला नऊ जणांतली शेवटची जागा द्यायचं ठरवलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. नकार दिला तो सत्यजितनीच. यादीत माझी मुलगी दहावी आहे, ती माझी आहे म्हणून तिला वर घेऊ नका, असं त्यांनी मोडक्यातोडक्या जपानीत ठामपणे सांगितलं. बाकीच्या बापांना गहिवरून आलं. आणि मी रबराची असून पेटले.

कारण त्या पोरीला माझ्याइतकं कुणी जवळून पाहिलेलं नाही. ती माझ्या शेजारी गुडघ्यात वाकून उभी राहते. इतकी लहान दिसते की चेंडू टाकणाऱ्याला कळत नाही कुठे टाकावा. वाईट चेंडूला ती हात लावत नाही. नाकासमोरून सणसणत गेला तरी बॅट हलत नाही, नुसत्या टाचा माझ्या कडेला घट्ट रोवलेल्या. असे चार वाईट चेंडू पडले की फलंदाजाला पहिली गादी मिळते, हा खेळाचा नियम. मग ही तिथून दुसरीवर पळते, तिसरीवर सरकते, आणि मागच्या कुणी साधासा टोला मारला की धुळीत घसरत माझ्यावर. वर्षभर असंच चाललं होतं. आणि यादीत दहावी? माझ्या अंगावरच्या ओरखड्यांना विचारा म्हणावं.

पण ओरखड्यांना कोण विचारतं. त्याच आठवड्यात सामानाची यादी झाली, त्यात माझ्यापुढे ‘अकरा वर्षं, बदला’ असं लिहिलं गेलं, आणि दोन बापे मला जळणाऱ्या कचऱ्यात टाकायचं की न जळणाऱ्या, यावर पाव तास चर्चा करत बसले. माझ्यासमोर. तेव्हा माझी तक्रार ऐकायला कुणी मोकळं नव्हतं.

ऐकलं ते वीणाने, आणि तेही माझ्याकडून नाही.

वाटपाच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सराव संपल्यावर अश्लेषा मला ओल्या फडक्याने पुसत होती. वीणा पिंप रिकामं करत होती. चौदाचा आकडा तिच्या पिशवीत तसाच होता, शिवलेला नव्हता. सत्यजितनी विचारलं, अजून कसा नाही शिवलास.

वीणा म्हणाली, “सत्यजित, मला एक सांग. वर्षभर मी इथे चहा देतेय. सगळ्यात जास्त वेळा कुणाचा कप भरला असेल?”

“त्याचा काय संबंध?”

“हिचा भरलाय. कपावरचं नाव पुसून गेलं, मी दोनदा नवीन लिहिलं. घरी आल्याशिवाय चहा मिळत नाही ना इथे? मग ही दहावी कशी?”

सत्यजित समजुतीच्या सुरात सांगायला लागले. अगं, ती चार वाईट चेंडूंवर जाते, तो तिचा फटका नाही. समोरच्याची चूक आहे ती, म्हणून आपण ते अवांतरमध्ये धरतो. वाइडसारखं. आणि धाव ज्याने टोला मारला त्याच्या नावावर जाते.

“म्हणजे पळत आली ही, आणि धाव त्याची.”

“क्रिकेटमध्ये तसंच असतं.”

“हे क्रिकेट आहे का?” वीणा शांतपणे म्हणाली. “आणि पोटची पोरगी अवांतरमध्ये टाकलीस तू?”

त्यावर त्या माणसाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. अश्लेषाचं फडकं थांबलं होतं. ती खाली बघत ‘बेत्सुनी’ म्हणाली, म्हणजे मला काही फरक पडत नाही. साफ खोटं. फडक्यातलं पाणी माझ्यावर टपटप गळत होतं, इतकं ते तिने मुठीत आवळलं होतं.

मराठीतलं भांडण कांतोकुंना कळेना. त्यांनी अश्लेषालाच विचारलं की काय चाललंय. आता बघा पोरीवर काय वेळ आली. स्वतःचीच वकिली, तीही दोन्ही बाजूंची. पण तिने काटछाट न करता सांगितलं. बाबा म्हणतात चार चेंडूंवर जाणं माझं नाही. आई म्हणते घरी मीच आले. मग तिने आपल्या मनचं एक वाक्य जोडलं. “कांतोकु, मी ते चेंडू मुद्दाम सोडते. मला भीती वाटते तरी सोडते.”

कांतोकुंनी वही मागितली. चार चेंडूंवर गेलेली मुलं कुठे लिहिली आहेत, असं विचारलं. सत्यजितनी पानाच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे सगळ्या संघाचं मिळून एकच ढोबळ अवांतर होतं, कुणाचंच नाव नसलेलं.

 मग कांतोकु, सत्यजित आणि अश्लेषा अशी तिघं तिथेच माझ्या भोवती मातीत बसली आणि पहिल्या सामन्यापासून मोजायला लागली. सत्यजितचं हे मानलं पाहिजे, की त्यांच्या वहीत प्रत्येक चेंडू होता. पाहिलं होतं सगळं, फक्त जमा दुसऱ्याच्या नावावर केलं होतं. अश्लेषा चाळीस वेळा खेळायला आली होती. फटके चार. चार चेंडूंवर गेली सोळा वेळा. आणि माझ्यावर पाऊल ठेवलं सतरा वेळा. तिच्या खालोखाल जो होता, तो बारा वेळा.

सत्यजितनी वही मिटली. पोरीकडे बघून जपानीत म्हणाले, “अश्लेषा, मी चुकीचं मोजलं.” एवढंच. पण कुणाच्या देखत म्हणाले, तर गुरुजींच्या. कांतोकुंनी टोपी काढली आणि त्या काडीएवढ्या मुलीपुढे वाकले. कागद मिळाल्यावर मी डोळे मिटून घेतले, असं म्हणाले.

आकडे मात्र बदलता आले नाहीत, नावं स्पर्धेच्या मंडळाकडे गेली होती. चार ज्याला मिळाला त्या मुलाच्या आईने तो शिवलाही होता. आणि त्या मुलाची त्यात चूक काय? पण मैदानात उतरायला पाठीवर कोणताही आकडा चालतो. वीणाने त्या संध्याकाळी चौदा शिवला, दुहेरी टाक्याने.

स्पर्धा आमच्याच मैदानात झाली, आणि माझ्या जागी नवी पाटी अजून आली नव्हती. तिथे कांतोकुंनी अश्लेषाला सगळ्यात आधी खेळायला पाठवलं. तिच्यासाठी एका मुलाला बसावं लागलं. त्याचं वाईट मलाही वाटलं, पण तो चुकीच्या मोजणीने बसला नव्हता. पहिल्याच सामन्यात आम्ही हरलो, तीन विरुद्ध दोन. आमच्या दोन्ही धावांना माझ्यावर पडलेलं पाऊल एकाच बुटाचं होतं. दुसऱ्या वेळी ती इतकी जोरात घसरत आली की माझा एक कोपरा उचकटला. पंचाने दोन्ही हात पसरले, म्हणजे ती सुखरूप पोचली, धाव झाली. तिकडे बाकावर सत्यजितनी वहीत तिचं नाव लिहिलं, आणि वीणाने कप भरून त्यांच्याच हातात दिला, तू नेऊन दे म्हणाली.

मित्रांनो, मोजण्याला माझी ना नाही. मोजलं नसतं तर ते सतरा तरी कुठे सापडले असते. पण मोजणाऱ्याने आधी मैदानात येऊन, वाकून, माती झटकून खाली बघावं. दुसऱ्या गावचा हिशेब या गावात लावू नये. आणि एखाद्या पोराच्या नावापुढे तुटपुंजा आकडा दिसला, की त्याला बाकावर पाठवण्याआधी एवढं तपासा, की त्याने केलेलं कुठलं काम तुम्ही कुणाच्याच नावाने नसलेल्या रकान्यात ढकललं आहे. पोर तोंडाने मागणार नाही. ते फरक पडत नाही म्हणेल आणि ओलं फडकं पिळत राहील.