कोरी पाटी

‘तिच्या पाटीवरचं “नको” त्यानं हलकेच पुसलं. कोऱ्या पाटीकडे पाहून ती गोड लाजली.’

इथवर टाइप केलं आणि अंबिकाचे हात थांबले. हस्तलिखित सुहासचं, दिवाळी अंकासाठी आलेलं. बारा वर्षांची मैत्री. त्याचं किरटं अक्षर नगरच्या या छापखान्यात तिच्याशिवाय कुणाला लागत नसे, म्हणून त्याच्या सगळ्या कथा छपाईसाठी तीच लावायची. या कथेतही दोन मित्रच होते. नायिका दर सोमवारी मौन पाळणारी, गळ्यात तुळशीची माळ, पिशवीत लहानशी पाटी. नाव तेवढं वेगळं, देवश्री.

वडील दुखण्यातून उठले तेव्हापासून, अकरा वर्षं, अंबिकानं सोमवारचं मौन धरलं होतं. सूर्योदयापासून सांजवातीपर्यंत तोंडातून शब्द नाही. लागेल ते पाटीवर. आजही सोमवारच होता.

माघातल्या अशाच एका सोमवारी छापखान्याच्या जिन्यात सुहासनं तिचा हात धरला होता. तिनं हिसडून सोडवला, पाटीवर ‘नको’ लिहिलं. त्यानं हसत तळव्यानं पुसलं, म्हणाला, “आता मनातलं लिही.” तिनं पुन्हा तेच लिहिलं, इतकं दाबून की पेन्सिल मोडली. मग तो निघून गेला. पुढच्या आठवड्यात जणू काही झालंच नाही असा चहा प्यायला आला. तिनंही विषय मिटवला. मैत्री होती ना.

आणि आता हे. कथेत त्या दोघांचं लग्नसुद्धा लावून दिलं होतं त्यानं. मध्येच एक वाक्य होतं : ‘बाईचा पहिला नकार हा उंबरठा असतो, भिंत नव्हे.’ तिनं ते पान बोटाच्या टोकानं दूर सारलं. नैवेद्याच्या ताटात कुणाचं उष्टं निघावं, तसं.

“ताई, पानी प्या घोटभर,” बायंडिंगच्या छबूबाई म्हणाल्या. “तोंड लई उतरलंय.”

तेवढ्यात सुहास आलाच. खुर्ची ओढून बसला. “वाचलीस? शेवट जमलाय ना?”

अंबिकानं पाटी घेतली. ‘हे माझं आहे. असं झालं नव्हतं. काढ.’

“अगं, गोष्ट आहे ती. वाचकाला थोडी ओढाताण लागते. ती लगेच नाही म्हणाली आणि तो मुकाट घरी गेला, तर कथा कसली? दोन ओळींत संपली की.” तो हसला. त्यानं अंगठा जिभेला लावला आणि पाटीवरून फिरवला. “हं. आता रागावल्याशिवाय लिही.”

पाटीवर थुंकीचा ओला पट्टा उमटला.

“नको,” अंबिका म्हणाली.

सकाळपासून न वापरलेला आवाज खरखरीत निघाला. छबूबाईंच्या हातातली कागदाची घडी तशीच राहिली. आतल्या टेबलाशी बसलेले मालक सुमंतकाका चष्मा काढून उभे राहिले. “अंबिका, आज सोमवार ना तुझा?”

“मोडला, काका.” ती सुहासकडे वळली. “तेव्हाही नकोच होतं. तू पुसलंस म्हणून त्याचं हो झालं नाही.”

“एवढ्याशा गोष्टीसाठी व्रत मोडलंस?”

तिनं पानं गोळा केली, कडा जुळवल्या, त्याच्या पुढ्यात ठेवली. “काका, ही कथा मी लावणार नाही. दुसऱ्या कुणाकडून लावून घेणार असाल तर उद्यापासून मी येत नाही.”

सुमंतकाकांनी पुढे येऊन ती पानं सुहासच्या हातात दिली. मग म्हणाले, “सुहास, घेऊन जा ते. आठ पानं मी कशानंही भरीन.”

तो गेल्यावर छबूबाईंनी आपला डबा उघडला. “आता बोललाच हाय तर बोलत बोलत जेवा माझ्यासंगं.” अंबिका बसली. उपास होता, म्हणून नुसतंच पाणी प्यायली.

संध्याकाळी घरी तिनं पाटी राखेनं घासली, तीनदा धुतली. सांजवात लावली, हात जोडले. एरवी सोमवारचा तिचा पहिला शब्द देवाचा असायचा. आज त्याआधी ‘नको’ येऊन गेलं होतं.

“तुझं नाव आज मागून आलं,” ती हळूच म्हणाली, आणि वात थोडी पुढे सरकवली.