मल्हारचे सहा सेकंद

निवेदिताला पहिला संशय आला, कारण आकडे फारच शहाण्यासारखे वागत होते.

साडेतीन वर्षांचा मल्हार आधाराशिवाय किती सेकंद बसतो, याची नोंद दर पंधरवड्याला होत असे. पाच महिन्यांच्या नोंदी तिच्यासमोर पडद्यावर होत्या. सहा, सात, आठ, नऊ, असं करत थेट पंधरा. मधल्या काळात पोराला दोनदा ताप येऊन गेला होता. एकदा येरमाळ्याला पुढची बस चुकल्यामुळं मायलेकरं तीन तास स्टँडवर बसली होती आणि पोरगं दमून आलं होतं. आकड्यांवर त्याचा ओरखडासुद्धा नव्हता. निवेदिता सोलापुरात संख्याशास्त्र शिकलेली. जिवंत शरीराचं मोजमाप असं जिना चढल्यासारखं वर जात नाही, ते डगमगतं, मागं येतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

धाराशिवच्या त्या बालरुग्णालयात ती लागली त्याला चार महिने झाले होते. पदाचं नाव लांबलचक होतं, डिजिटल नोंदी समन्वयक. थेरपिस्ट मंडळी वहीत जे खरडत, ते संगणकात वेळेवर आणि खरं उतरतंय ना, हे तिनं बघायचं, आणि संगणक जे मागतो ते थेरपिस्टना समजावून सांगायचं. तुळजापूरला कारकुनी करून निवृत्त झालेले तिचे वडील दत्तोपंत शेजाऱ्यांना "लेक दवाखान्यात आहे" एवढं सांगत आणि विषय बदलत, कारण पुढचं त्यांनाही समजलेलं नव्हतं. रुग्णालयातही फार जणांना समजलेलं नव्हतं. पोरांना बोलायला शिकवणाऱ्या चारुशीलाबाई ती दिसली की म्हणत, "आली बघा परीक्षक. पोरं आमच्या मांडीवर, मार्क हिच्या हातात."

मंगळवारी ती मल्हारच्या वेळेला मुद्दाम जाऊन बसली.

फिजिओथेरपिस्ट महालिंगप्पा, सगळ्यांचे अप्पासर, मूळचे मुरुमचे. तीस वर्षं पोरांचे आखडलेले हातपाय सोडवता सोडवता त्यांची स्वतःची बोटं वाकडी झाली होती. त्यांनी मल्हारला चटईवर बसवलं, हात काढून घेतले आणि मोठ्यानं मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. चारच्या पुढं त्यांचा वेग वाढला. पोरगं डावीकडं कलायला लागलं तसे आकडे एकमेकांच्या पाठीवर चढत गेले, आणि मल्हार आडवा होता होता त्याला झेलत अप्पांनी "सोळा" म्हटलं.

"सोळा," मल्हारची आई निकिता म्हणाली आणि तिनं पदरानं पोराची लाळ पुसली.

निवेदिताच्या मोबाइलमधलं घड्याळ सहा सेकंदांवर थांबलं होतं.

निकिता गेल्यावर तिनं मोबाइल अप्पांपुढं धरला. "सर, हे सहा आहेत."

"असतील की."

"तुम्ही सोळा म्हणालात."

"मी काय तुझ्या घड्याळासाठी मोजतो व्हय? राहू दे पोरी. ते पोरगं मी बघतो."

राहू देणं निवेदिताला शाळेपासून जमलेलं नव्हतं. रुग्णालयात दर महिन्याला प्रत्येक पोराचा व्हिडिओ काढून ठेवत. तिनं मल्हारचे पाचही व्हिडिओ उघडले, प्रत्येक तीनतीनदा मोजला आणि सरासरी काढली. सहा, सहा, पाच, सात, सहा. किती छान डगमगत होते ते आकडे. ते बघून तिला खरोखरच आनंद झाला. बुधवारी दुपारी तिनं जुन्या नोंदी दुरुस्त केल्या, कारणाच्या चौकटीत 'मोजण्याच्या पद्धतीतील चूक' असं लिहिलं आणि जतन केलं.

पुढचं संगणकानं केलं. तीन महिने सुधारणा नसेल तर त्या पोराची थेरपीची जागा काढून प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या पोराला द्यायची, असा डॉक्टरांच्या समितीचा नियम होता. यादीत त्रेचाळीस पोरं होती. नियम निवेदिताला माहीत होता, पण तो तिनं नेहमी रकान्यांच्या संदर्भात वाचलेला होता. मंगळवारी आणि शुक्रवारी साडेदहाला वाशीकडच्या एका गावातून दोन बस बदलून येणाऱ्या बाईच्या संदर्भात तो वाचायचा राहून गेला होता.

जागा काढली की पालकांना आपोआप संदेश जाई. समितीनं दिलेला मजकूर इतका सरकारी होता की निवेदितानंच तो महिन्यापूर्वी सोप्या मराठीत पुन्हा लिहिला होता: 'आपल्या पाल्याच्या बसण्यात गेल्या तीन महिन्यांत काहीही सुधारणा झालेली नाही. त्यामुळे थेरपीची जागा दुसऱ्या बालकास देत आहोत. घरी व्यायाम करावा.' कायम रेंजमध्ये असणारा नंबर द्या, असं नोंदणीच्या वेळी सांगितलं जाई. निकितानं सासऱ्यांचा दिलेला होता.

गुरुवारी सकाळी अप्पा तिच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. ते चिडलेले असते तर बरं झालं असतं.

"तुझ्या घड्याळात काय चूक न्हाय," ते म्हणाले. "सहाचे सहाच हायत. आता मला सांग, तू शास्त्र शिकलीस. या पोराला मी हात लावला नसता, तर आज ते किती बसलं असतं?"

त्या आकड्यासाठी निवेदिताच्या पडद्यावर रकानाच नव्हता.

"असल्या पोरांची हाडं वाढतात आणि स्नायू आखडत जातात. वर्षाच्या आत बसणं जातं, मग मान जाती. मधनंच यायचं सोडलेली चार पोरं माझ्या वहीत हायत, बघून ये त्यांच्या घरी. पाठीवर पडून हायत. मी पाच महिने याचे सहा राखले. तुझ्या संगणकात त्याला काय म्हणतात?"

"सुधारणा नाही," निवेदिता म्हणाली.

"व्हय. तेच म्हणतात."

कशाशी तुलना करायची, हा तिच्या विषयातला पहिल्या वर्षाचा पहिला प्रश्न होता. तिनं मल्हारची तुलना मल्हारशीच केली होती. ती उठून डॉक्टरांकडं गेली, तासभर बाहेर थांबली आणि एक सवलत घेऊन आली. शुक्रवार संध्याकाळपर्यंत पालकानं लेखी अर्ज दिला तर जागा सहा महिने राहील. पालक म्हणजे नोंदणीच्या अर्जावर ज्याची सही आहे तो. सही मल्हारच्या आजोबांची होती.

शुक्रवारी ते आजोबा, आण्णासाहेब, स्वतःच आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात स्टीलचा डबा. मागं निकिता, तिच्या खांद्यावर मल्हार.

"मेसेज तुमीच पाठवला व्हय, मॅडम?"

"संगणकावरून जातो. मजकूर माझा आहे."

"लई चांगला लिवलाय. आतापतूर दवाखान्याचा एक कागद आमाला कळला न्हवता, हा कळला. घरात सगळ्यांपुढं वाचून दाखिवला. दोनदा." त्यांनी डबा टेबलावर ठेवला. "खवा हाय. आमच्या भट्टीचा. न्हाय म्हणू नका."

निवेदितानं अर्जाचा कागद पुढं सरकवला आणि ती बोलायला लागली. सहा सेकंद टिकले ही साधी गोष्ट नाही, थेरपी थांबली तर तेही जातील, अर्जावर फक्त तुमची सही हवी. आण्णासाहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"ही आठवड्यातनं दोन दिवस घर सोडती," ते म्हणाले. "आली की सांगती, आज बारा झाले, आज तेरा झाले. हिची सासू, आमची कस्तुराबाई म्हणायची, पोरगं बसतंय तर जाऊ द्या. आता मला एकच सांगा. थांबलं तर कमी हुईल, हे कळलं. चालू ठिवलं तर वाढंल का?"

निकितानं त्या दिवशी पहिल्यांदा मान वर केली आणि निवेदिताकडं बघितलं.

एका 'हो'चं काम होतं. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. तिकडं चटईजवळ उभे असलेले अप्पाही वाट बघत होते.

"वाढेल असं खात्रीनं सांगता येणार नाही," निवेदिता म्हणाली. "काही मुलांमध्ये वाढतं. मल्हारच्या बाबतीत अजून तरी तसा पुरावा नाही."

पुरावा हा शब्द आण्णासाहेबांना फार आवडला. ते सुनेकडं वळले. "ऐकलंस का? पुरावा न्हाय. शिकलेल्या हायत त्या." मग निवेदिताला समजावून सांगावं तसं म्हणाले, "हिच्या नवऱ्याचं, आमच्या कृष्णराजचं वय अजून एकोणतीस हाय. घराला एक धड लेकरू पाहिजे का न्हाय? हिला म्हणलं दुसरं हुंद्या, तर म्हणती मग याच्याकडं कोण बघंल. पाच महिने याच्या बसण्यावरच थांबलो होतो. आता काय थांबायचं? त्याला दुसरी बायको बघायला लागंल." शेतावरची जळालेली मोटार बदलायची आहे, असं सांगावं तसा त्यांचा आवाज होता.

"आण्णासाहेब, पोरगं ऐकतंय," अप्पा म्हणाले. "त्याला बसता येत न्हाय, पण कळतं सगळं."

"कळतंय तर बरंच हाय की. समजावून सांगायचं काम वाचलं." त्यांनी अर्ज न वाचता परत सरकवला. "बंद करा ते."

फाइल बंद करताना यादीतून कारण निवडावं लागे. निवेदितानं 'पालकांची इच्छा' हे कारण निवडलं. आपल्या हातात अजून एवढं तरी आहे, असं तिला वाटलं. ती निकिताकडं झुकली आणि हळू आवाजात म्हणाली, "तीन महिन्यांत कधीही परत या. रांगेत थांबावं लागणार नाही. म्हणूनच हे टाकलंय."

आण्णासाहेबांचे कान तिखट होते. "परत कशाला यायचं? आनखी काय काय हाय त्या यादीत?" त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि पडद्यावर बोट फिरवत वाचलं. "'सुधारणा नाही.' हे टाका की. हे आन् ते, फरक काय?"

"ते टाकलं तर वर्षभर पुन्हा नाव नोंदवता येत नाही," निवेदितानं सांगितलं. कुणी काही विचारलं की पूर्ण उत्तर द्यायची तिची सवयच होती. बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते तिला ऐकू आलं.

"व्हय का," आण्णासाहेब म्हणाले. "मग तेच टाका."

"पण..."

"मॅडम, खरं तुमीच शोधून काढलंत. आता खरं तेच लिवा."

तिनं तेच टाकलं. त्यांनी कागद छापून मागितला, त्याची चार पदरी घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. "घरात दाखवायला पाहिजे," असं म्हणून ते जीप वळवून आणायला गेले. निकितानं अप्पांच्या पायाला हात लावला. अप्पांनी मल्हारच्या डोक्यावरून वाकडी बोटं फिरवली आणि त्याला सांगितलं, "तुझं काय चुकलं न्हाय, बाळा. तू बसलास की." मग ते चटई झटकायला लागले. चटई स्वच्छच होती.

निवेदिता निकिताच्या मागं फाटकापर्यंत गेली. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं.

"मला हे माहीत नव्हतं," ती म्हणाली. "घरचं."

"तुमचं घड्याळ बरोबर होतं, ताई." निकिताचा आवाज साधा होता. तिला राग आलाय का, हेसुद्धा त्यावरून कळत नव्हतं. "सर भराभरा मोजतात हे मला पयल्याच महिन्यात कळलं. मला काय मोजता येत न्हाय व्हय? बारावीला गणित होतं मला. मी बी घरी तसंच मोजायचे. सासूबाई दाराआड उभ्या राहून ऐकायच्या ना."

चालता चालता तिच्या चपलेचा पट्टा तुटला. ती थांबली. "धरा जरा याला."

आणि निवेदिताच्या हातात मल्हार आला. त्याचं वजन तिला तोंडपाठ होतं, अकरा किलो चारशे ग्रॅम. डोक्याचा घेर, गुडघ्यांचे कोन, सगळं तिनं स्वतः संगणकात भरलेलं होतं. चार महिन्यांत तिनं त्याला एकदाही उचललेलं नव्हतं. तिनं कुठलंही लेकरू घेतात तसं त्याला कडेवर घेतलं. त्याचे पाय लाकडासारखे ताठ झाले, पाठ कमानीसारखी मागं वळली आणि मान लोंबायला लागली. तिनं घाबरून आणखी घट्ट धरलं. त्याचा चेहरा लाल झाला, तोंड उघडलं, आणि बराच वेळ आवाजच निघाला नाही. मग निघाला तो अख्ख्या आवारात ऐकू गेला. बाकावर बसलेल्या दोनतीन आया उठून बघायला लागल्या.

निकितानं चप्पल तशीच टाकली. तिनं आधी त्याचे गुडघे पोटाशी दुमडले, मग एक हात मानेखाली घातला आणि त्याला आपल्याकडं ओढून घेतलं. तो दोन हुंदक्यांत शांत झाला.

"असं न्हाय धरत त्याला," ती म्हणाली.

रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजला. ती एका पायात चप्पल घालून निघून गेली.