दुखवट्याची पट्टी

वसंतातल्या एका सकाळी बंडखोर राजधानी छांगआन सोडून पूर्वेच्या वेशीने निघाले, तेव्हा चिंगल्वान अंगणातले शिरक्याचे रांजण उन्हात सरकवत होती. याच बंडखोरांनी हिवाळ्यात शहर घेतलं होतं. बादशहा त्याआधीच पळाला होता. तिचा नवरा दौ येन त्याच थंडीत खोकून खोकून गेला. त्याच्या मरणाशी बंडाचा काही संबंध नव्हता. घरात आता ती आणि सासू, दोघीच. दोघींच्या कपाळाला दुखवट्याची पांढरी पट्टी.

शेजारचा रोटीवाला खांग छपरावर चढून जाणाऱ्या बंडखोरांवर कौलं फेकत होता.

"वहिनी, वर या! आपल्या बादशहाची फौज आली!"

"कौलं तुझीच आहेत ना रे?" सासू खालून ओरडली. "फेक, फेक. पाऊस आला की कळेल."

फौज आली. आपली माणसं ओळखू यावीत म्हणून शिपायांनी डोक्याला पांढऱ्या पट्ट्या बांधल्या होत्या. लोकांनी रस्त्यावर येऊन जयजयकार केला. तिन्हीसांजेपर्यंत तेच शिपाई घराघरांत घुसून रेशीम आणि बायका ओढून नेऊ लागले. गल्लीतल्या टग्यांनीही पांढऱ्या पट्ट्या बांधून हात धुऊन घेतले. खांगसुद्धा एक गालिचा घेऊन आला. चिंगल्वानच्या अंगणात चांदी शोधायला आलेल्यांनी रांजण फोडले आणि नाक दाबून निघून गेले.

बंडखोर फार लांब गेलेच नव्हते. शिपाई लुटीच्या ओझ्याखाली वाकलेत हे कळताच ते परत फिरले. सकाळी गल्लीतून कोणीतरी ओरडत पळालं, "पट्टी काढा! पांढरी पट्टी दिसेल त्याला कापतायत!"

चिंगल्वानने आपली पट्टी ओढून काढून चुलीत घातली.

"आई, तुमचीही द्या."

"माझा मुलगा गेलाय. शिपाई नाही गेला कुणाचा."

"त्यांना काय कळणार? ते विचारायला थांबणार आहेत का?"

"राजे भांडणार आणि मी लेकाचा दुखवटा सोडायचा? हो बाजूला."

चिंगल्वानने आजवर सासूसमोर आवाजही चढवला नव्हता. तिने म्हातारीचे दोन्ही हात एका हाताने आवळले आणि पट्टी ओरबाडून काढली. म्हातारीने तिच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. पट्टी जळत असतानाच दार लाथेने उघडलं.

आत दोन बंडखोर आले. त्यातला थोराड विचारू लागला.

"पुरुष कुठंय घरातला?"

"वारला," चिंगल्वान म्हणाली.

"लढाईत?"

"खोकल्याने. थंडीत."

"थंडीत?" त्याने दोघींच्या उघड्या कपाळांकडे पाहिलं. "मग दुखवटा का नाही? खोटं बोलतेस. लपवलायस कुठेतरी."

शिपायाने तलवार वर केली.

"तिला काय विचारतोस?" म्हातारी कडाडली. "सटवीने आत्ता माझ्या डोक्यावरचीही ओढून काढली. नवऱ्याची माती ओली आहे अजून, आणि ही मोकळी व्हायला बसलीय! दे चार तडाखे, दे!"

दुसरा शिपाई खो खो हसला. "चल रे, घरोघरी हेच. माझी आईपण अशीच." दोघे निघून गेले.

खांग त्याच्या दारात, नव्या गालिच्यावर पडला होता. पट्टी त्याच्या बाहीत सापडली होती. त्या दिवशी गल्लीत फार माणसं गेली. प्रेतं उचलायला पुरेसे हात उरले नाहीत.

म्हातारी सुनेशी बोलायची थांबली. उन्हाळ्यात धान्य संपलं आणि लोक झाडांच्या साली सोलू लागले, तेव्हा दोघी दक्षिणेच्या डोंगरांकडे निघाल्या. चालताना म्हातारी दहा पावलं मागे राहायची. एका उतारावर तिचा पाय मुरगळला. चिंगल्वानने काही न विचारता तिला पाठीवर घेतलं.

बरीच वाट सरल्यावर मागून आवाज आला, "हळू चाल. मी काय बाजरीचं पोतं आहे?"

डोंगरांपलीकडच्या, नदीकाठच्या श्यांगयांग शहराला पोचल्यावर चिंगल्वान धोबीघाटावर कामाला लागली. दोन वर्षांनी तिने एका नावाड्याशी लग्न केलं. म्हातारी त्यांच्याकडेच राहिली. नावाड्याला रोज सांगायची, "या बाईपासून जपून राहा हो."