धुराची होडी

ते १९६४ साल होतं, मे महिना. ग्रीसमधल्या एव्रोस नदीच्या खोऱ्यातल्या आमच्या गावात डासांनी जीव नकोसा केला होता. गाई दूध देईनात, पोरांचे डोळे सुजून मिटलेले. शेवटी जिल्ह्याहून धूर मारायचं यंत्र आलं. लांब नळीचं, धडधडणारं, दोघांनी उचलायचं. ते चालवायची नोकरी माझ्या नवऱ्याला, झाफिरिसला मिळाली.

नेमके तेव्हाच सासूबाईंचे, सुलतानाबाईंचे, रेशमाचे किडे कोश विणण्याआधीच्या शेवटच्या खाण्यावर आले होते. किड्यांची अंडी त्यांनी फडक्यात बांधून, उराशी धरून उबवली होती. झोळ्याच्या झोळ्या तुतीचा पाला रोज लागायचा, आणि तुती सगळ्या गल्ल्यांच्या कडेला. त्या पाल्यावर औषध बसलं की किडे गेले, आमचे आणि आणखी चाळीस घरांचे.

जिल्ह्याचा निरीक्षक म्हणाला, "शुक्रवारी गल्ल्यांतून धूर मारायचा."

"साहेब, किड्यांनी कोश विणेपर्यंत आठ दिवस द्या," झाफिरिस म्हणाला.

"डासांनी आठ दिवस रजा घेतली तर देतो."

घरी सासूबाई पाला चिरत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तो डबा माझ्या तुतीखालून नेलास, तर आधी तुझ्या साहेबाला धुरी देईन."

"आई, नोकरी जाईल."

"जाऊ दे. तुला दूध पाजलं तेव्हा कुठे नोकरीला होतास?"

मला राहवलं नाही. "डास दिवसभर बसतात कुठे? नदीकाठच्या बोरूत. मग तिथेच जाऊन मारू. होडीतून."

"आणि वल्हवणार कोण?" झाफिरिस हसला.

"मी. कोळ्याची लेक आहे."

सासूबाईंनी सुरी खाली ठेवली. "बोलते की ही. दोन वर्षं मला वाटत होतं, मुकी सून आणली."

झाफिरिसने साहेबाकडून आठ पहाटा मागून घेतल्या. डास कमी झाले नाहीत, तर नवव्या दिवशी गल्ल्या साहेबाच्या.

पहाटे आमच्याकडची थंड हवा उतारावरून नदीकडे जाते. सासूबाई अंगणात ओल्या गवताचा जाळ करायच्या. तो धूर नदीकडे कलला की आम्ही यंत्र सुरू करायचो. एकदा तो मध्येच गावाकडे वळला. झाफिरिसने झटकन यंत्र बंद केलं आणि आम्ही तासभर डासांच्या तोंडी बसून राहिलो. नऊ वाजता परत यायचं, राखेच्या पाण्याने अंग घासायचं, कपडे बाहेरच टाकायचे. तरी सासूबाई घरात घेत नव्हत्या. आमचं जेवण कुंपणाच्या भिंतीवर ठेवायच्या. ब्रेड, ऑलिव्ह आणि एक टोमणा.

पाचव्या दिवशी गाई शांत उभ्या राहू लागल्या.

आठव्या सकाळी आम्ही नदीवरून आलो, तर किड्यांच्या खोलीतून आवाज नाही. हजारो किड्यांच्या खाण्याची ती सततची कुरकुर, बाहेर रस्त्यावर ऐकू यायची ती, थांबली होती. झाफिरिस पायरीवरच बसला. "गेले," एवढंच म्हणाला. मी पहिल्यांदाच न विचारता दार ढकललं.

पाल्याच्या फळ्या रिकाम्या होत्या. सगळे किडे वाळक्या फांद्यांवर चढले होते आणि प्रत्येकाभोवती रेशमाचं पांढरं धुकं साठत होतं. मध्ये सासूबाई हाताची घडी घालून उभ्या.

"पाय पुसून आलीस ना?" त्या म्हणाल्या. मग बाजूला सरकून त्यांनी मला जागा दिली.

डास कमी झाले होते, म्हणून गल्ल्या वाचल्या. निरीक्षकाने ते कोश स्वतः येऊन पाहिले. पुढे तो राजधानीत मोठा अधिकारी झाला. पण खालच्या गावांत डास मारायच्या आधी रेशमाच्या घरांना विचारायचा नियम त्यानेच केला. झाफिरिसने ते यंत्र सव्वीस वर्षं चालवलं आणि एकाही घराचा किडा त्याच्या हातून गेला नाही. तो जाऊन बारा वर्षं झाली. सासूबाई नव्वदीत वारल्या. त्या १९६४च्या रेशमाचं कापड त्यांनी लेकीला न देता मला दिलं होतं. आता गावात कुणी किडे पाळत नाही. मी त्र्याऐंशीची आहे, वल्हं माझ्या दाराशी टेकवून ठेवलंय, आणि अजून हातात घेता येतं.