दुकानातला कॉम्प्युटर

त्यानं सीडी खाचेत ठेवली, आत ढकलली आणि कॉम्प्युटर घरघरायला लागेपर्यंत बोट तिथंच दाबून धरलं.

"पण मी म्हणते, आत्ता कशाला?" काउंटरमागच्या स्टुलावरून सासूबाई म्हणाल्या. "डॉक्टरांनी बघितलंय ना? तुम्ही बघून काय उजेड पाडणार आहात, जावईबापू?"

 दोन गल्ल्या पलीकडच्या हॉस्पिटलात त्याची बायको हिरवा झगा घालून पडली होती. आज दुपारी तिची उजवी किडनी काढायची होती; आत गाठ होती. डावी ठणठणीत आहे, एकीवर माणूस आरामात जगतो, असं डॉक्टर म्हणाले होते. आरामात! सकाळपासून तो तिच्या खाटेभोवती इतक्या येरझाऱ्या घालत होता, की शेवटी तिनंच त्याला पिटाळलं. म्हणाली, वकिलांचा शिक्का तयार आहे तो देऊन या, उगाच माझ्या डोळ्यांसमोर नाचू नका. वकील शिक्का घेऊन गेले. रिपोर्टांची पिशवी मात्र त्याच्या खांद्यालाच राहिली होती आणि पिशवीत ही सीडी. आपल्या घरात न विचारता शिरलेल्या त्या गाठीचं तोंड तरी बघावं, असं त्याला वाटलं.

पडद्यावर चौकट आली. ही फाइल उघडता येत नाही, त्यासाठी वेगळं प्लगइन बसवावं लागेल.

"बघा," सासूबाई म्हणाल्या. "त्यालासुद्धा नकोय."

शिक्क्यांच्या या दुकानात रबर कापायचं काम त्याचं आणि कॉम्प्युटर बायकोचा. फोटो बघायच्या प्रोग्रामला प्लगइनची कुठली शेपटी कुठं जोडायची, हे तिलाच ठाऊक. एका गिऱ्हाइकाची विचित्र फाइल उघडताना तिनं काय काय केलं होतं, ते आठवत आठवत त्यानं प्लगइन शोधलं, उतरवून घेतलं, प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला. यादीत नवं नाव सगळ्यात खाली आलं होतं. वर बायकोनं पूर्वी बसवलेली तीन-चार होती, प्रत्येकापुढे बरोबरची खूण. त्यानं नव्यापुढेही खूण केली. वरची वाचायला त्याला सवड कुठं होती!

चित्र उघडलं. काळ्या पडद्यावर राखाडी पोट, मधे मणक्याची पांढरी शिडी. कोपऱ्यात नाव छापलेलं होतं. त्यानं ते दोनदा वाचलं; बायकोचंच होतं. मणक्याच्या दोन्ही अंगांना दोन किडन्या. एक गुळगुळीत आणि दुसरीच्या खांद्यावर बसलेला ओबडधोबड गोळा.

त्यानं गोळ्यावर बोट ठेवलं. बोट पडद्याच्या उजव्या बाजूला होतं.

"आई," तो म्हणाला.  "ही डावी आहे."

"काय डावी आहे?"

"गाठ डाव्या किडनीत आहे. डॉक्टरांनी मला समजावलं होतं ना, चित्रातलं माणूस आपल्या समोर तोंड करून उभं असतं. त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. त्यांनी फिल्म दिव्यावर लावली तेव्हा गाठ ह्या, डाव्या हाताला होती. आणि इथं बघा."

सासूबाई स्टुलावरून उतरल्या आणि चष्मा सारखा करत पडद्याला जवळजवळ नाक लावून उभ्या राहिल्या. खोट काढण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. आज मात्र त्यांनाही काढता येईना.

"मग खरं कुठलं?"

"फिल्म उलटी लावली असणार. सरळ-उलटी दोन्हीकडून सारखीच दिसते ती. शिक्क्याची फिल्म मी स्वतः लावलीय की अशी उलटी, अख्खं रबर फुकट गेलंय! तिथं रबर नाहीये, आई. चांगली किडनी काढतील आणि सडकी आत ठेवतील!"

त्यानं फोन लावला, पण घाईत आकडे चुकले. दुसऱ्यांदा लागला. वॉर्डातली सिस्टर म्हणाली, पेशंटला आत नेलंय, आता डॉक्टर बोलू शकणार नाहीत. मग मात्र त्याचा तोल गेला. जन्मात कुणाला अरे म्हणायचा नाही तो माणूस, भर दुकानात ओरडला.

"हात लावू नका तिला! मी सीडी उघडून बसलोय समोर. गाठ डावीकडे आहे, डावीकडे! तुम्ही फिल्म उलटी बघितलीय!"



"सांगते मी आत," सिस्टर म्हणाली आणि फोन बंद झाला.

आता करण्यासारखं काही उरलं नाही. तो काउंटरला धरून उभा राहिला. सासूबाई रडत नव्हत्या, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या, पुन्हा गुंडाळत होत्या.

"ते काढा तिथून," त्या पडद्याकडे न बघता म्हणाल्या. "बघवत नाही. तिचा चांगला फोटो लावा एखादा."

त्यानं समोर सापडला तो उघडला. नवीन मशीन आलं त्या दिवशीचा. बायको काउंटरला टेकून हसत होती, मागे दुकानाची पाटी. सासूबाईंनी पडद्यावर तिच्या गालाला हात लावला आणि तो तिथंच थांबला.

"तीळ इकडं कसा?"

"काय?"

"तिचा तीळ डाव्या गालावर आहे. जन्मल्यापासनं. हा उजव्यावर दिसतोय. मी आई आहे तिची, मला विचारा."

तो बघत राहिला. मग मागची पाटी वाचली. वाचता आली, नेहमीसारखीच. आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की ती उलटी होती. अक्षरन् अक्षर उलटं.

शिक्क्याचं रबर उलटं कापावं लागतं, तेव्हा कुठं कागदावर सरळ उमटतं. तो चित्र उलटवायला विसरायचा. एकदा एका शाळेचे सगळे शिक्के सरळ कापून ठेवले, तेव्हा बायकोनं कपाळावर हात मारून घेतला होता. तुमच्या भरवशावर राहिले तर दुकानाला टाळं लागेल, म्हणाली होती, आणि फोटोच्या प्रोग्रामला चित्र आपोआप उलटवणारं एक प्लगइन बसवलं होतं. तेव्हापासून या कॉम्प्युटरवर जे चित्र उघडेल ते आरशातल्यासारखं उलटं उघडत होतं. दिवसभर तेच वाचून दोघांच्याच काय, सासूबाईंच्याही डोळ्यांना उलटं हेच सरळ झालं होतं. बायकोचं नाव त्यानं दोनदा वाचलं होतं आणि काही खटकलं नव्हतं.

डॉक्टरांची फिल्म बरोबर होती. आणि फोन करून त्यानं त्यांना चांगली किडनी दाखवून दिली होती.

"अहो, लावा ना फोन!" सासूबाई किंचाळल्या.

फोन लागेना. हॉस्पिटलच्या लाइनवर दुसरं कुणीतरी बोलत होतं. तो धावतच सुटला. मागून सासूबाई, एका हातात चप्पल. रस्त्यात कुणीतरी हाक मारली, कुणाच्या तरी सायकलला धक्का लागला. तो मनात एकच घोकत होता: उजवी, उजवी, उजवी. जिन्यावर त्याचा गुडघा फुटला, ते त्याला कळलंही नाही.

ऑपरेशन थिएटरचं दार बंद होतं. वर लाल दिवा पेटलेला.

त्यानं दारावर थाप मारायला हात उचलला, तेवढ्यात बाजूच्या दारातून सिस्टर बाहेर आली.

"तुम्हीच ना ते फोनवाले?"

"उजवी!" तो म्हणाला. "उजवीच आहे, सिस्टर. माझं चुकलं. माझंच चुकलं हो!"

"बसा आधी. उजवीच काढतायत. फोनवरून कुणी बाजू बदलतं का? पण तुम्ही एवढे ओरडलात म्हणून डॉक्टरांनी सगळं थांबवून पुन्हा तपासलं. त्याआधी मी तुमच्या मिसेसना सांगितलं, मालक असं असं म्हणतायत. तर घाबरायचं सोडून त्यांनी एवढंच विचारलं, दुकानातल्या कॉम्प्युटरवर बघितलं का? म्हटलं, असेल. तर हसायलाच लागल्या. भुलीचे डॉक्टर रागावले, सुई टोचता येईना."

तो बाकावर बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याचे खांदे हलत होते. सासूबाई चप्पल खाली ठेवून शेजारी बसल्या. इतक्या वर्षांत त्या जावयाच्या शेजारी कधी बसल्या नव्हत्या.

"आणि हे त्यांनी तुम्हाला द्यायला सांगितलंय," सिस्टर म्हणाली. तिच्या बोटावर चिकटपट्टीचा तुकडा होता, त्यावर पेनानं काही लिहिलेलं. "कुणालाच वाचता येईना. भूल चढायला लागली असेल बहुतेक."

त्यानं पट्टी हातात घेतली. अक्षर जराही हललेलं नव्हतं. रबरावर कापायला काढावी तशी, एकेक ओळख पटेल अशी उलटी अक्षरं. त्यानं एका दमात वाचलं.

दुकान उघडंच टाकून आलात ना?

सासूबाईंनी मान वाकडी करून वाचलं. मग डोळे पुसले.

"जा," त्या म्हणाल्या. "शटर ओढून या. मी आहे इथं."

त्यानं मान हलवली, पट्टी तळहातावर चिकटवली आणि लाल दिव्याकडे बघत बसून राहिला. सासूबाईंनीही पुन्हा सांगितलं नाही.