पहिलीचे पदर

आमच्या गावात पहिलीचं मूल शाळेच्या पहिल्या दिवशी आईच्या पदराचं टोक मुठीत धरून वर्गात बसतं आणि आई घरी निघून जाते. पदर लांबत जातो. खिडकीतून बाहेर पडून, कडुलिंबाला वळसा घालून, बोळाबोळांतून तो घरापर्यंत पोचतो, आणि दुसऱ्या टोकाला आई भाकरी थापत असते. मूल आपणहून सोडेल तेव्हा तो सरसर माघारी जातो. मधल्या सुट्टीच्या घंटेपर्यंत सुटला नाही, तर मग जन्मभर सुटत नाही. आमच्या सरपंचांचा सुटला नव्हता. त्यांची डावी मूठ अजून मिटलेली आहे. सत्काराचा हार ते उजव्या हाताने घेतात आणि बुटाची नाडी दुसरं कोणीतरी बांधतं. माणूस चांगला आहे.

पदर कापायचा नाही, हा पहिला नियम. पलीकडच्या एका गावात एका उत्साही गुरुजींनी कात्री चालवली होती. मुलं गप्प बसली, पण आया वर्षभर अंगणात काहीतरी शोधत फिरत राहिल्या.

या दिवसाची आखणी खरमाळे बाई करायच्या. बाई मेअखेरीला निवृत्त झाल्या आणि पहिलीचा वर्ग माझ्या गळ्यात पडला. मी घाबरलो होतो, हे सांगून टाकलेलं बरं. ते बाईंना कळलं असावं, कारण जून लागल्यावरही त्या रोज सकाळी डबा घेऊन शाळेत यायला लागल्या. पगार नाही, हजेरी नाही. या बाईंची मला आधीपासून धास्ती वाटायची, त्या जूनमध्ये मात्र मी त्यांचा भक्त झालो.

मी लॅपटॉपवर तक्ता करून आणला होता. स्वागत, ओळख, गाणं, खाऊ. बाईंनी चष्मा लावून तो नीट वाचला.

"छान आहे. यात पदर कुठं आहेत?"

"मुलं रमली की सोडतील, बाई."

"उंटावरून शेळ्या हाकू नका, सर. चला अंगणात."

अंगणात त्यांनी फक्कीच्या रेघा ओढायला घेतल्या. एकेका घरासाठी एकेक रेघ. वरच्या आळीचे पदर दुसऱ्या खिडकीतून, कारण तिथल्या आया सकाळी नळावर जातात आणि पदर इकडून तिकडे हलतो. देवळाकडचे खालून, नाहीतर घंटा वाजत राहते आणि पुजारी वैतागतात. नऊवारीतल्या आजीचा पदर सगळ्यांत शेवटी लावायचा, तो कुणालाही पुरून उरतो. कोणती आई केव्हा चुलीपाशी असते आणि केव्हा गोठ्यात, हे बाईंनी घरोघरी चहा पिऊन विचारून ठेवलं होतं. एक रेघ तेवढी मला उमगली नाही. ती माझ्या टेबलापासून निघून सरळ दारातून बाहेर जात होती आणि कुठल्याच घराकडे वळत नव्हती. बाईंचा हात चुकला असेल असं मी धरून चाललो.

मग सराव. बाईंनी स्वतःच्या निळ्या सुती साडीच्या पदराचं टोक माझ्या हातात दिलं.

"तुम्ही मूल व्हा. मिशी विसरा आणि घट्ट धरा."

मी वर्गात मांडी घालून बसायचो आणि बाई चालत गावात जायच्या. वाट मोकळी असली की त्या लांबून दोनदा हलकेच ओढायच्या. पदर कुठं अडकला तर परत येऊन रेघ पुसायच्या आणि नवी ओढायच्या. रस्त्यातून कोणी मोटारसायकलवर आलं तर मान खाली घालून पदराखालून निघून जाई. कोणी हसलं नाही.

"आणि एक," बाई म्हणाल्या. "'सोड' असं मुलाला कधी म्हणायचं नाही. म्हटलं की मूठ आवळते. दोन्ही हात लागतील असं काम द्यायचं. मातीचा बैल करायला द्या. धड एका हाताने होतं, पाय एका हाताने होतात. शिंगं वळायला मात्र दोन तळवे लागतात."

"जमिनीवर एका हाताने वळली तर?"

"म्हणून खाली तरट घालायचं. तरटावर माती वळत नाही, चिकटते."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. एवढीशी शिंगं आणि एवढंसं तरट, पण गावातली दोन पिढ्यांची माणसं त्यावर मोकळी झाली होती. सरावात मीही रोज बैल करायचो. माझा बैल रोज बिनशिंगाचा व्हायचा. बाई तो खिडकीत ठेवायच्या आणि म्हणायच्या, "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, सर? पण जमेल."

सराव संपला की बाई टोक परत मागायच्या आणि मी द्यायचो. शेवटच्या दिवशी त्यांनी मागितलं नाही. संध्याकाळी जेवताना ते माझ्या डाव्या मुठीतच होतं. बायकोने पोळीचे तुकडे करून दिले आणि लोणचं हवं का विचारलं.

पहिल्या दिवशी सकाळी आया आल्या. दाराला आंब्याचं तोरण होतं, मुलांच्या डोक्यावर कागदी टोप्या होत्या. गाऊनवर ओढणी घेतलेल्या आईची ओढणीच लांबली, तिला कोणी नावं ठेवली नाहीत. बाई फाटकात उभ्या राहून एकेक पदर त्याच्या त्याच्या रेघेवर घालत होत्या, आणि एकाचीही दुसऱ्याशी गाठ पडली नाही. इतकं सुरेख काम मी पुन्हा पाहीन असं वाटत नाही. सगळ्यांत शेवटी दुर्वा आली. तिची आई बाळंतपणाला माहेरी गेली होती, म्हणून वडिलांनी आणून सोडलं. तिच्या मुठीत त्यांच्या खांद्यावरच्या पिवळ्या टॉवेलचं टोक होतं. ते दुधाचा टेंपो चालवतात.

शाळा भरल्याची घंटा झाली तशी बाई दारात आल्या.

"येते मी. लेकीकडे जायची एसटी आहे."

"बाई, आजचा दिवस थांबा."

"पहिलीच्या वर्गात दोन शिक्षक असले की मुलं एकाला आई करतात."

त्या निघाल्या. निळा पदर माझ्या मुठीतून लांबत दारातून बाहेर गेला, बरोबर त्या न उमगलेल्या रेघेवरून, एसटीच्या फाट्याकडे. रेघ चुकलेली नव्हती. मी मुलांना माती वाटली.

बाईंनी सांगितलं होतं तसंच झालं. धड झालं, पाय झाले, आणि मुलं शिंगांपाशी येऊन थबकली. तरटाला माती चिकटायला लागली. मग एका मुलाने सहज दुसरा हात पुढे केला आणि पदर खिडकीतून सुळकन निघून गेला. त्याला कळलंही नाही. मग दुसरा, मग चार एकदम. गावाकडून आयांचे आवाज येऊ लागले, कुणी हसत होती, कुणी नाक ओढत होती. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण एक हात मोकळा नव्हता.

शेवटी दुर्वा उरली. टॉवेलची रेघ आम्ही आखलीच नव्हती, कारण टेंपोला एक घर नाही. वडील दूध गोळा करत वाड्यावस्त्यांवरून फिरून शाळेवरून गेले, आणि खिडकीबाहेर टॉवेलचा एक पिवळा पट्टा आला. पुढच्या फेरीला दुसरा आला. शाळेला वेढा पडत होता. भिंती आत सरकल्या. फळा माझ्या पाठीला लागला. मुलांनी आपापले बैल उचलून मांडीवर घेतले.

"सर, सरका," कोणीतरी म्हणालं.

दारात पोषण आहारवाल्या ताई शिऱ्याचं पातेलं घेऊन उभ्या होत्या.

"सर, पातेलं आत येत नाही."

"ठेवा बाहेर. मधली सुट्टी होईलच."

म्हटल्यावर मी दुर्वाच्या मुठीकडे पाहिलं. घंटा झाली की ही मूठ जन्माची. मी दुर्वासमोर गुडघे टेकून बसलो. छतही खाली आलं होतं, उभं राहायला जागाच नव्हती, पंखा माझ्या केसांना लागत होता.

"दुर्वा, बैलाला शिंगं कर की."

तिने खिडकीतल्या माझ्या बिनशिंगाच्या बैलाकडे पाहिलं. "तुम्ही कुठं केलीत?"

"माझा एक हात गुंतलाय."

"माझा पण."

"तू का सोडत नाहीस?" मी विचारलं. बाईंनी हे विचारू नका म्हणून सांगितलं होतं.

"मी सोडलं तर बाबांना शाळा कुठं आहे ते कळणार नाही. तुम्ही?"

"मी सोडलं तर पुढचं काय करायचं ते मला कळणार नाही."

तिने यावर विचार केला. बाहेर टेंपोचा हॉर्न वाजला आणि भिंती आणखी जवळ आल्या. आता सगळा वर्ग एकमेकांच्या मांडीवर होता आणि कोणी रडत नव्हतं. ही मुलं काय धीराची होती! मीच एकटा रडकुंडीला आलो होतो.

"दोघं एकदम सोडू," दुर्वा म्हणाली.

"आधी कोण?"

"एकदम म्हणजे एकदम."

मुलांना हे पटलं. बाहेर कोणीतरी घंटेचा हातोडा उचलल्याचं मला ऐकू आलं. वर्ग मोजायला लागला.

"एक... दोन... साडे..."

माझ्या मुठीतला निळा पदर लांबून दोनदा हलकेच ओढला गेला.

"माडे..."

दुर्वाचं करंगळीचं बोट उघडलं. तिची नजर माझ्या मुठीवर होती.