हँडलाची पूजा

हैबतरावांचं नाव निघालं की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

कोळवण खोऱ्यात मोटार एकच, ती त्यांची. लष्कराच्या लिलावातली जीप. तिला नवे पडदे शिवले, मोठा भोंगा बसवला, पण मेलेली बॅटरी काही बदलली नाही. समोरून लोखंडी हँडल घालून गरागरा फिरवायचं, तेव्हा कुठं गाडी सुरू व्हायची. बॅटरीचं विचारलं की म्हणायचे, "हँडल हाय की!"

मागच्या खंडेनवमीला माझी लेक जया अडली. पहिलटकरीण, त्यात मूल आडवं. सुईणीनं हात टेकले, पुण्याला न्या म्हणाली. मी तशीच धावत हैबतरावांच्या दारात गेले. त्यांचा ड्रायव्हर ताजुद्दीन लगेच उठला. पण हँडल होतं देवघरात, कोयता, कुदळ, विळीच्या पंगतीला, हळदकुंकू लावून बसवलेलं. खंडेनवमीला हत्यारं पूजेला मांडली की दसऱ्याचं सोनं लुटेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, ही आमच्याकडची रीत.

"आज न्हाई उचलायचं, वहिनी," हैबतराव म्हणाले. "पायजे तर गाडी ढकला."

ताजुद्दीननं माणसं गोळा करून ढकलून पाहिली. अंगणातल्या चिखलात चाकं रुतली, इंजिन काही सुरू झालं नाही.

"भावजी, पोर मरंल माजी!"

"देवाच्या मनात आसंल तसं व्हईल. हत्यार हाय त्ये. उद्या उचलू."

उद्या! माझं डोकं सणकलं. आतून भज्यांच्या तळणाचा वास येत होता. देवघरात बघते तर कोयता जागेवर, कुदळ जागेवर, आणि विळीच्या जागी पाटावर नुसतं कुंकू सांडलेलं.

"भज्यांची घोसाळी कशानं चिरली, भावजी? दातानं?"

मी आत शिरून हँडल उचललं. "बाटलं, बाटलं!" म्हणून ते ओरडत राहिले. ताजुद्दीननं दोन झटके दिले आणि इंजिन सुरू झालं. माणसांनी मागून रेटा दिला, गाडी चिखलातून निघाली.

जया वाचली, नातू वाचला. बारशाला हैबतराव मोठ्या ऐटीत आले. "पूजेच्या हँडलाचा गुण!" असं ज्याला त्याला सांगत सुटले. आता खोऱ्यातल्या पोटुश्या बायका त्या हँडलाला नारळ ठेवायला जातात. बॅटरी अजून तीच आहे.

परवा भिवाजीची सून पोट सावरत आली. "आत्याबाई, हँडलाच्या पाया पडाय चला की."

गेले. ती वाकायला लागली तसा मी तिचा दंड धरला आणि हँडल तिच्या हातात ठेवलं.

"जड हाय का गं?"

"न्हाई."

"मग पाया पडू नगंस. वेळ पडली तर उचलता येतं म्हणून सासूला सांगून ठेव."